सर्वप्रथम काय करावे?

मित्रांनो, मी एक फार जुना रुग्ण आहे. इतका जुना, की मला नेमका कोणता आजार आहे हे कोणालाच धड सांगता येणार नाही. सकाळी माझा पाय मोडलेला असे, दुपारी मला विषबाधा झालेली असे आणि खोलीला कुलूप लागताना मला काहीही झालेले नसे. मी बरा झालो असे मात्र कोणी कधी म्हटले नाही, आणि मेलो असेही नाही. परिचारिका होऊ पाहणाऱ्या मुलींनी ज्याच्यावर आपला हात बसवायचा, तो सरावाचा रबरी पुतळा म्हणजे मी.

माझा जन्म एका साच्यात झाला. देहाचे दोन अर्धे भाग वेगवेगळे ओतले गेले आणि मग जोडले गेले. ती शिवण अजून कानामागून खांद्यापर्यंत बोटांना लागते. माझा चेहरा कोणासारखाही नाही. रंगवणाऱ्या कारागिराने डोळे उघडे रंगवले आणि तो पुढच्या पुतळ्याकडे वळला. त्यामुळे जे जे समोर घडले ते मला पाहावेच लागले. डाव्या हातात रबरी नळ्यांच्या शिरा आहेत, त्यांत लाल रंगाचे पाणी भरत. कमरेखाली स्पंजाची एक चकती आहे, सुयांनी तिची चाळण झाली की ती बदलत. छातीत एक स्प्रिंग आहे. नेमक्या जागी, नेमक्या जोराने दाबले तर ती 'टक्' असा आवाज करते. हृदय म्हणून मला एवढेच मिळाले.

दवाखान्याच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, परिचर्या विद्यालयाच्या सरावखोलीत, पायाशी दांडा फिरवून वरखाली करायच्या लोखंडी खाटेवर मला ठेवले गेले. शेजारी सलाईनचा स्टँड, काचेच्या कपाटात ट्रे, चिमटे, पट्ट्यांची बंडले, आणि एक नळ, ज्याला पाणी फक्त सकाळी येई. खालच्या मजल्यांवर खरे वॉर्ड होते. तिथले खोकणे, चाकांचा खडखडाट आणि मध्येच उठणारे रडणे जिन्यातून वर येई आणि आमच्या दारापाशी थांबे.

त्या खोलीच्या बाई आयुष्यभर वॉर्डात काम करून, गुडघे दुखू लागल्यावर शिकवायला आल्या होत्या. त्यांचा एक नियम होता. मला हात लावण्यापूर्वी मुलीने मला सांगितले पाहिजे.

"काका, मी तुमचा ताप बघते हं."

जी विसरे तिला दारापर्यंत परत जावे लागे आणि पुन्हा आत यावे लागे. "तुझ्या घरात कोणी न विचारता शिरलं तर?" बाई विचारत. "अंग हे सुद्धा घरच आहे. दार वाजवून जायचं."

तेव्हापासून मी सगळ्यांचा काका झालो. मित्रांनो, ती माझी भरभराटीची वर्षे होती. बाहेरून आलेले परीक्षक माझ्या खाटेभोवती उभे राहत, मुली माझी जखम बांधत, आणि कोणी शाबासकी मिळवली की जाताना माझ्या गालावर हलकेच चापट मारून जाई. त्या शाबासकीत माझा वाटा काय होता, हे मी कधी विचारले नाही. दगडालाही शेंदूर आवडत असावा.

मग परीक्षा बदलली. खाटेजवळचे परीक्षक येईनासे झाले. त्यांच्या जागी एक कागद आला. प्रत्येक प्रश्नाखाली चार पर्याय, आणि उत्तराच्या कागदावर चार रिकामे गोल. योग्य गोल काळा करायचा, बस्स. आता माझ्या अंगाला फारसा कोणाचा हात लागेना. माझी छाती सपाट आणि सोयीची असल्यामुळे मुली तिच्यावर प्रश्नपत्रिका पसरत. चहाचा पेला पोटावर ठेवत. माणसाचे टेबल होण्यासाठी फार काही करावे लागत नाही. लोकांनी त्याच्याकडे पाहणे तेवढे सोडून द्यावे लागते.

बाईंना ते गोल आवडत नव्हते. पण मुली त्या गोलांत अडकून बुडत होत्या, म्हणून त्यांनी तेही मन लावून शिकवले. ज्या मुलीसाठी त्यांनी सगळ्यात जास्त जीव ओतला, ती म्हणजे तिसरी.

तिसरी हे तिचे नाव नव्हे. ती लेखी परीक्षेत दोनदा नापास झाली होती आणि आता तिसऱ्यांदा बसणार होती. नियमाप्रमाणे ही शेवटची संधी. ह्या वेळी गेली तर नाव कापले जाणार होते आणि पुन्हा कधी घातले जाणार नव्हते. मुली तोंडावर तिला "ए तिसरी" म्हणत, आणि तीही ओ देई. तिची आई खाली पुरुषांच्या वॉर्डात मावशी होती. भांडी उचलणे, फरशी पुसणे, मेलेल्याला झाकणे ही तिची कामे. आठवड्यातून एकदा ती आमची खोली पुसायला येई आणि पुसता पुसता माझ्याशी बोले.

"सगळी दुनिया मला मावशी म्हणते, काका. कुणाची सख्खी नाही मी," असे ती एकदा म्हणाली होती. "हिला तरी कोणी सिस्टर म्हणू दे."

तिसरी ढ नव्हती. तिची अडचण वेगळी होती. ती वॉर्डाच्या व्हरांड्यातच लहानाची मोठी झाली होती, आणि प्रश्न वाचताच तिला तो व्हरांडा दिसे.

एकदा बाईंनी वाचले, "शस्त्रक्रिया झालेला रुग्ण वेदना होत असल्याचे सांगतो. परिचारिकेने सर्वप्रथम काय करावे? अ, वेदनाशामक द्यावे. ब, डॉक्टरांना कळवावे. क, वेदना कुठे व कशी आहे ते विचारून तपासावे. ड, रुग्णाचे लक्ष दुसरीकडे वळवावे."

"ब," तिसरी म्हणाली.

"का?"

हा 'का' बाईंचा ठरलेला होता. नुसते अक्षर सांगून त्यांच्याकडे सुटका नसे.

"मनाने काही केलं की ओरडा बसतो, बाई. आधी डॉक्टरांना सांगून मोकळं व्हायचं."

"बरं, केला फोन. डॉक्टर विचारतात, कुठे दुखतंय? काय सांगशील?"

"... माहीत नाही."

"कधीपासून? कसं? टाके ठीक आहेत?"

तिसरी प्रश्न पुन्हा वाचू लागली.

"म्हणजे पेशंटच्या अंगावरून चालत जाऊन तू फोन उचललास," बाई म्हणाल्या, आणि सगळ्या हसल्या. तिसरीही हसली. मग बाईंचा आवाज उतरला. "हे बघ बाळा. पेपरातल्या दवाखान्यात एकच पेशंट असतो. त्याच्याजवळ तू एकटी असतेस, हाताशी सगळं असतं आणि वेळही असतो. असा दवाखाना कुठे नाही, मला माहीत आहे. पण मार्क तिथलेच मिळतात. खालचा वॉर्ड दाराबाहेर ठेवून ये. प्रश्नात नसलेलं काही आत आणू नकोस."

त्यानंतर बाईंनी तिला एकेक गोष्ट शिकवली. पर्याय आधी तळहाताने झाकायचे. प्रश्न वाचायचा, उत्तर स्वतःशी ठरवायचे, मगच हात उचलायचा. नाहीतर चारही पर्याय गोड बोलून फसवतात. प्रश्न ज्या शब्दाला टांगलेला असतो तो आधी शोधायचा. 'सर्वप्रथम' आणि 'सर्वांत महत्त्वाचे' हे सख्खे भाऊ नव्हेत, आणि 'वगळता' हा शब्द तर दबा धरून बसलेला असतो. दोन पर्याय बहुधा वेडगळ असतात, ते खोडायचे. उरलेल्या दोघांत अडकलीस तर विचार, कशावाचून माणूस आधी मरेल? आधी श्वास, मग रक्त, बाकी सगळे त्याच्यामागे. यंत्राआधी माणसाकडे बघ. अडलेल्या प्रश्नाशी कुस्ती खेळू नकोस, खूण करून पुढे जा. लिहिलेले उत्तर भीतीने बदलू नकोस, कारण सापडले तरच बदल.

दुसऱ्या बाजूला एक मुलगी होती, तिला सगळ्या तुक्केवाली म्हणत. तिचे शास्त्र निराळे होते.

"सगळ्यात लांब उत्तर दिसलं की ठोकायचं," ती माझ्या पोटावर कोपर टेकून सांगे. "'नेहमी' आणि 'कधीच' असलेली उत्तरं उडवायची. आणि काहीच सुचलं नाही तर डोळे मिटून क."

"आणि पेशंट?" तिसरीने एकदा विचारले.

"पेशंट पण क."

बाईंनी ते ऐकले. "लांब उत्तराचं मला माहीत नाही," त्या म्हणाल्या, "पण 'नेहमी'चं बरोबर सांगतेस. माणसाच्या देहात नेहमी असं काही होत नाही."

बाईंची शिकवण्याची आणखी एक पद्धत होती. कागदावरचा रुग्ण मुलींना दिसत नाही, आणि मला तर दमही लागत नाही. म्हणून बाई स्वतः रुग्ण होत. माझ्या खाटेलगतच्या लाकडी खुर्चीत बसून, आधाराला माझे मनगट धरून, त्या धापा टाकत, कण्हत, डोळे फिरवत. "मेले गं मेले!" असे इतके झकास ओरडत की मुलींची हसून पुरेवाट होई. मग एकदम ताठ बसून विचारत, "बोला, सर्वप्रथम?" मुली ओरडत, "अ! ब! ब, बाई!" आणि मग यायचा तो 'का'.

तिसरी हळूहळू शिकली. वॉर्ड दाराबाहेर ठेवू लागली. डोळे मिटून, हवेतल्या न दिसणाऱ्या पर्यायांवर तळहात ठेवून ती उत्तर तयार करी, आणि ते बरोबर निघे. बाईंच्या चेहऱ्यावर तेव्हा जे उजाडे, ते मी जवळून पाहिले आहे.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यातली दुपार. लिफ्ट बंद होती. बाई जिन्याने वर आल्या. मुली आधीच खाटेभोवती बसल्या होत्या, मांडीवर कागद, हातात पेन्सिली. बाई आत आल्या त्या काही न बोलता थेट खुर्चीत बसल्या आणि त्यांनी माझे मनगट धरले.

मित्रांनो, माझ्या कातडीला फारसे काही कळत नाही. पण रोजची पकड मला ठाऊक होती. ही पकड वेगळी होती. बुडणाऱ्याने फांदी धरावी तशी, आणि बोटे थंडगार.

"थांबा..." एवढेच बाई म्हणाल्या. त्यांचा दुसरा हात छातीवरून जबड्याकडे गेला.

"आज पर्याय न देताच?" एक मुलगी म्हणाली.

"परीक्षा तोंडावर आली ना, म्हणून अवघड करतायत," तुक्केवाली म्हणाली. "छातीत दुखतंय. हार्टचा प्रश्न आहे. अर्ध्या मार्काचा नाही गं, आख्खा!"

कोणीतरी खुदकन हसले.

"मला सांगू दे, मला!" तिसरी म्हणाली. तिने डोळे मिटले. तळहात पुढे केला. माझे डोळे उघडे होते, आणि मी बाईंच्या ओठांचा रंग जाताना पाहत होतो.

"सर्वप्रथम," तिसरी म्हणाली, सावकाश, एकेक शब्द जागेवर ठेवत, "रुग्णाची सगळी हालचाल थांबवावी. पाठीला आधार देऊन अर्धवट बसतं करावं. कपडे सैल करावेत. श्वास आणि नाडी बघावी. एकीनं रुग्णाजवळच थांबावं आणि दुसरीनं ताबडतोब मदत आणावी. का, तर हृदयावरचा भार कमी झाला पाहिजे, आणि रुग्णाला एकटं सोडायचं नसतं."

ह्या वेळी तिने 'का' सुद्धा स्वतःच सांगितला होता. एकही शब्द चुकला नव्हता. मुलींनी टाळ्या वाजवल्या.

बाईंची मान माझ्या खांद्यावर कलली.

"कमाल करतात बाई," कोणीतरी म्हणाले.

आणि सगळ्या बसून राहिल्या. बाई ताठ होतील, काहीतरी म्हणतील, ह्याची वाट पाहत. ते वाट पाहणे किती वेळ चालले ते मला सांगता येणार नाही. माझ्याजवळ मोजायला नाडी नाही. एवढेच ठाऊक आहे की त्या अवधीत खोलीतल्या प्रत्येक मुलीला उत्तर येत होते. ते उत्तर हवेत लटकत होते, पूर्ण, निर्दोष, आणि त्याला हात नव्हते. मी ओरडू शकलो असतो तर? हा विचार रबराला शोभत नाही. पण तो मी केला आहे.

बाईंच्या कपाळावरून एक थेंब ओघळला आणि माझ्या छातीवर पसरलेल्या प्रश्नपत्रिकेवर पडला. छापलेली अक्षरे त्याच्याखाली फुगली, निळी झाली.

तिसरी त्या थेंबाकडे पाहत राहिली. पेपरात घाम लिहिलेला असतो. तो कागद भिजवत नाही.

"बाई?" ती म्हणाली. आणि मग, दाराबाहेर ठेवलेला सगळा वॉर्ड एकदम आत शिरावा अशा आवाजात, "बाई!"

त्यानंतर त्यांनी जे केले ते सगळे अचूक केले. एकीने मान धरली, एकीने गुंड्या सोडल्या, तुक्केवाली अनवाणी जिना उतरत धावली. मला त्यांनी खाटेवरून खाली ढकलले आणि बाईंना माझ्या जागी निजवले. जमिनीवर पडल्या पडल्या मला तिसरीचे हात दिसत होते. ती बाईंच्या छातीवर दाब देत होती, लयीत, नेमक्या जागी. त्या छातीतून कसलाही आवाज येत नव्हता. आवाज करून हो म्हणणारी छाती फक्त माझी.

खालून डॉक्टर आले, सिस्टर आल्या, चाकांची खाट आली. एक आवाज म्हणाला, "किती वेळ झाला?" बाई त्याच संध्याकाळी गेल्या.

दुसऱ्या दिवशी मावशी खोली आवरायला आली. मागोमाग तिसरी आली आणि भिंतीला टेकून जमिनीवरच बसली. दोघींपैकी कोणीही मला खाटेवर चढवले नाही. मी तसाच पडून होतो.

"आई, माझं उत्तर बरोबर होतं."

"माहीत आहे."

"एक शब्द चुकला नव्हता गं."

मावशीने फडके पिळले. "ऊठ. तिथं पुसायचंय."

तिसरी उठली नाही. "मी परीक्षेला बसणार नाही."

"नको बसू. दुसरी बादली आहे माझ्याकडे. उद्यापासून ये."

"चेष्टा करू नकोस आई."

"मी कुठे चेष्टा करते? मी बादलीचं सांगते." मावशी गुडघ्यांवर बसून फरशी पुसत राहिली. मग मान न वळवता म्हणाली, "पेपर सोड, असं बाईंनी तुला सांगितलं का?"

"त्यांना बोलताच आलं नाही."

"मग त्यांच्या तोंडी तू का घालतेस? प्रश्नात नसलेलं आत आणायचं नाही, म्हणून रोज घरी माझं डोकं खातेस ना? मग?"

तिसरी रडू लागली. मावशीने तिला जवळ घेतले नाही. तिचे हात ओले होते, घाण पाण्याचे होते. तेवढ्यासाठीच घेतले नसावे असे मला वाटते. तिने फक्त पुसणे थांबवले, आणि रडणे संपेपर्यंत ती तिथेच बसून राहिली.

तिसरी परीक्षेला बसली. तिच्या पेपरात तोच प्रश्न होता. छातीत कळ, घाम, सर्वप्रथम काय करावे. तुक्केवालीने नंतर खोलीत सगळ्यांना सांगितले, की तिसरीने बाकीच्या सगळ्या प्रश्नांचे गोल भरले आणि तो एक प्रश्न तसाच सोडला. "वेडी आहे, येत होतं तिला," ती म्हणाली, पण हसली नाही. तो एक प्रश्न रिकामा ठेवून तिसरी पास झाली.

त्यानंतर माझे दिवस वाईट गेले. नव्या बाई आल्या, शिस्तीच्या आणि नीटनेटक्या. माझ्या उघड्या डोळ्यांचा मुलींना त्रास होतो म्हणून त्यांनी मला भिंतीशी सरकवले आणि पांढरी चादर माझ्या डोक्यावरून ओढली. चादर अशी कोणावर ओढतात हे दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक असते. काही दिवस मुली बिचकल्या, मग त्यांना सवय झाली. माझी स्प्रिंग गंजली. चादरीच्या आत उजेड दुधी होता आणि आवाज दुरून येत, "अ. ब. ब, मॅडम."

एके दिवशी चादर बाजूला झाली. समोर तिसरी होती, पांढऱ्या पोशाखात, थकलेली, डोळ्यांखाली वॉर्डातल्या पाळ्यांची काळी वर्तुळे. नव्या बाईंनी तिला मुलींशी बोलायला बोलावले होते.

"ह्या सिस्टर तिसऱ्या वेळी पास झाल्या," त्यांनी ओळख करून दिली. मुलींनी एकमेकींना कोपर मारले. "सिस्टर, सांगा, प्रश्न कसे सोडवायचे?"

तिसरीने सगळे सांगितले. तळहाताने पर्याय झाकायचे, टांगलेला शब्द शोधायचा, आधी श्वास, मग रक्त. काहीच लपवले नाही, काही गाळले नाही. मुलींनी भराभर लिहून घेतले. मग ती म्हणाली, "आता वह्या मिटा. ह्या काकांच्या छातीत कळ आली आहे, घाम सुटलाय. सर्वप्रथम?"

"अर्धवट बसतं करावं!" पुढची मुलगी ओरडली.

"कर."

"म्हणजे?"

"बसतं कर. बसल्या जागेवरून दिलेलं उत्तर मी ऐकत नाही."

मुलगी गोंधळून उठली. दुसरी उठली. मला काखेत धरून त्यांनी उचलले, आणि इतक्या वर्षांनी उचलताना माझी खांद्याची शिवण फाटली. आतला पिवळा स्पंज बाहेर आला.

"अहो, जपून!" नव्या बाई म्हणाल्या. "जुना आहे तो."

"फाटू दे, मॅडम," तिसरी म्हणाली. "परत करा गं. पुढची. तू ये."

त्या दिवशी वर्गातली प्रत्येक मुलगी उठली. प्रत्येकीने मला उचलले. संध्याकाळपर्यंत माझा एक हात जवळजवळ निखळला होता, आणि तो आता दोरीने बांधलेला आहे. ह्या अवस्थेत मी फार दिवस टिकणार नाही. अडगळीच्या खोलीतल्या मोडक्या स्टँडांशेजारी माझी जागा झाली आहे, असे परवा कोणी बोलताना ऐकले.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू आपली कहाणी संपवताना 'आम्हांला जपा' अशी विनवणी करतात. मी ती करणार नाही. मला जपू नका. माझ्यावर चुका करा, मला पाडा, फाडा, माझी चाळण होऊ द्या. मी त्यासाठीच ओतला गेलो आहे, आणि मला दुखत नाही. तुम्ही उत्तरे पाठ करा, ती बरोबर असू देत, त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळोत. पण तुमच्या घरात, तुमच्या वर्गात, तुमच्या अगदी शेजारी जर एखादे माणूस बोलता बोलता गप्प झाले, तर ते खरेच गप्प झाले आहे की गंमत करते आहे, ह्याचा विचार बसून करू नका.

आधी उठा.